पावसाच्या वहींतील रिकामे रकाने

हर्णे येथील एका बागायतदार स्नेह्यांनीं आपली पावसाची वही मध्यंतरीं आम्हांस पाहावयास दिली. सुवर्णदुर्गासमोरच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर त्यांची वाडी आहे. तींत पर्जन्यमापक बसवून रोज सकाळीं पावसाचें माप घ्यावें व तें वहींत टिपावें, हा क्रम ते निष्ठेनें चालवितात. तथापि वही म्हटली म्हणजे कांहीं रकाने रिकामे राहावयाचेच. त्यांच्या पुतण्यानें ती वही संगणकावर उतरून घेतली आणि रिकामे रकाने बरे दिसत नाहींत म्हणून त्यांत संगणकाकडूनच आंकडे भरवून घेतले. अमुक ते अमुक ह्यांच्या दरम्यानचा कोणताहि आंकडा दे, असें सांगितलें कीं संगणक तो विनातक्रार देतो. तक्ता भरला, बेरजा झाल्या, सरासऱ्या निघाल्या. वही सोळा आणे पुरी झाली. परंतु आठ दिवसांनीं तोच तक्ता पुन्हां उघडून पाहतात तों जुलै महिन्याची बेरीज निराळी! कोणीं एक अक्षर बदललें नव्हतें; पडून गेलेला पाऊस मात्र बदलला होता.

ह्यांत हंसण्यासारखें जितकें आहे तितकेंच विचार करण्यासारखेंहि आहे. कारण त्या वहीवरून आमचे स्नेही एक खर्चाचें काम ठरविणार होते. भाताच्या खाचरांखालचा त्यांचा बांध वरचेवर फुटतो. त्यांतून पाणी जाण्यासाठीं पक्की मोरी बांधावयाची होती. आणि ती केवढी ठेवावी हें ठरवितांना, एका दिवसांत जास्तींत जास्त पाऊस किती पडतो, हें पाहणें त्यांस अवश्य होतें. आंकडा खोटा निघाला तर मोरी अपुरी, आणि मोरी अपुरी तर केलेला खर्च बांधाबरोबर वाहून गेला म्हणून समजावें. यास्तव रिकामे रकाने केव्हां भरावे, कसे भरावे, आणि चिठ्ठ्या टाकून निघावे तशा यादृच्छिक आंकड्यांचा ह्या कामीं खरा उपयोग कोणता, हें उदाहरणासह सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रकाना रिकामा कां राहिला?

पहिला प्रश्न 'काय भरावें' हा नसून 'रिकामें कां राहिलें' हा होय. घरांत लग्नकार्य निघालें किंवा माप घेणारा मनुष्य परगांवीं गेला, अशा कारणानें एखादा दिवस चुकला, तर त्या चुकण्याचा पावसाशीं कांहीं संबंध नसतो. असे दिवस म्हणजे सुपांतून सहज सांडलेले चार दाणे; उरलेल्या दाण्यांवरून सांडलेल्यांची कल्पना करतां येते. परंतु ओढ्यास पूर आल्यामुळें वाडींत जातां आलें नाहीं, माप भरून वाहूं लागलें, फांदी मोडून यंत्रावर पडली, वीज गेल्यानें स्वयंचलित केंद्र बंद पडलें, अशा कारणानें नोंद राहिली असेल तर गोष्ट अगदीं वेगळी. तेथें पावसानेंच आपली नोंद पुसून टाकलेली असते.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. त्या वेळीं दापोली व मंडणगड ह्या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं, हें कोंकणांतील वाचक विसरले नसतील. अशा दिवसाचा रकाना रिकामा राहिला असतां तो शेजारच्या साध्या दिवसांच्या आंकड्यांनीं भरणें म्हणजे वादळ झालेंच नाहीं असें लिहून ठेवणें होय.

अमेरिकेंतील संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन ह्यांनीं १९७६ सालीं हा भेद शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला. नोंद गहाळ होण्याचें कारण आपल्या हातीं असलेल्या इतर माहितीनें समजण्यासारखें असेल तर त्या माहितीच्या आधारें रकाना भरतां येतो. परंतु न मोजलेला आंकडा मोठा होता म्हणूनच तो मोजला गेला नाहीं, असा प्रकार असेल तर हातीं राहिलेले आंकडे आपणांस फसवितात. आम्हीं स्नेह्यांस विचारलें तेव्हां त्यांनीं मागील आठवण काढून सांगितलें कीं, जुलैमधील दोन रिकाम्या दिवसांपैकीं एका दिवशींच बांध फुटला होता, आणि वाडीकडे जाण्याची वाट पाण्याखालीं होती. म्हणजे ज्या पावसासाठीं मोरी बांधावयाची तोच पाऊस वहींत नव्हता. आणि त्याच्या जागीं संगणकानें एक किरकोळ सर बसविली होती.

शून्य, रेघ आणि दोन दिवसांचा पाऊस

'०' आणि रिकामी जागा ह्यांचा अर्थ एक नव्हे. '०' म्हणजे आपण गेलों, माप पाहिलें आणि पाऊस नव्हता. मोजलेंच नसेल तेथें रेघ ओढावी व शेजारीं कारण लिहावें. संगणकावरील तक्त्यांत हा भेद सहज बुडतो. एक्सेलमध्यें बेरीज करतांना रिकामा रकाना कांहींच मोलाचा धरला जात नाहीं, म्हणजे परिणामीं शून्यच होतो, आणि महिन्याचा पाऊस कमी दिसतो. उलट सरासरी काढतांना रिकामे रकाने वगळले जातात, म्हणजे चुकलेले दिवस इतर दिवसांसारखेच होते असें आपण न बोलतां गृहीत धरतों. एकाच तक्त्यांत अशा दोन निराळ्या चुका शेजारीं शेजारीं नांदतात.

दुसरी गोष्ट. साध्या पर्जन्यमापकांत एक दिवस माप घेतलें नाहीं तरी पाणी कोठें जात नाहीं. तें आंतल्या भांड्यांत सांठून राहतें. हवामान खात्याच्या रीतीप्रमाणें सकाळीं ८-३० वाजतां माप घेऊन मागील २४ तासांचा पाऊस त्या तारखेस लिहितात. रविवारचें माप राहिलें तर सोमवारच्या मापांत दोन्ही दिवसांचा पाऊस असतो. अशा वेळीं रविवारीं मनचा आंकडा घालूं नये व सोमवारचा आंकडाहि एका दिवसाचा म्हणून लिहूं नये. दोन्ही रकान्यांना मिळून कंस करून 'दोन दिवसांचा' असें लिहावें. महिन्याची बेरीज त्यानें बिनचूक राहते. भांडें भरून वाहिलें असेल तर जेवढें माप मिळालें तेवढें लिहून पुढें 'किमान' हा शब्द घालावा. किमान आंकडा अपुरा खरा. पण तो खोटा नव्हे.

पांच रीतींचें एक उदाहरण

आतां खरोखरच गहाळ झालेल्या नोंदींकडे वळूं. हर्णे येथील वाडींतलें माप 'अ' आणि ज्याची नोंद अखंड आहे असें शेजारच्या केंद्राचें माप 'ब' असें धरूं. पुढील आंकडे केवळ धडा समजावा म्हणून घेतले आहेत. ते कोणत्याहि केंद्राचे प्रत्यक्ष आंकडे नव्हेत. दहा दिवसांचा पाऊस मिलिमीटरांत असा:

'ब' : १२, ३०, ४५, ८, ११०, ६०, २०, ५, ९०, ४०.
'अ' : १०, २४, ३८, ६, —, ४९, १५, ४, —, ३०.

'अ' मध्यें पांचवा व नववा दिवस रिकामा आहे.

पहिली रीत, रिकामें तसेंच ठेवून बेरीज करणें. आठ दिवसांची बेरीज १७६ येते, व ती कोणीं दहा दिवसांची म्हणून वाचली तर फसगत होते.

दुसरी रीत, सरासरी घालणें. आठ दिवसांची सरासरी २२. ती दोन्ही जागीं घातली तर बेरीज २२० होते. ही रीत फार प्रचारांत आहे. परंतु तिच्यानें पावसाचा चढउतार दडपला जातो. जितके रकाने अधिक भरावे तितका पाऊस अधिक शिस्तीनें पडल्यासारखा दिसूं लागतो. कोंकणचा पाऊस असा शिस्तीचा नाहीं हें सांगावयास नको.

तिसरी रीत, चिठ्ठ्या टाकणें. आठ मोजलेल्या आंकड्यांच्या आठ चिठ्ठ्या करून एक काढावी, तो आंकडा पांचव्या दिवशीं लिहावा. चिठ्ठी परत टाकून पुन्हां एक काढावी, तो नवव्या दिवशीं. आकस्मिक कारणानें चुकलेल्या दिवसांसाठीं ही रीत दुसरीपेक्षां बरी, कारण तिच्यांत चढउतार कायम राहतो. पण आपल्या उदाहरणांत बेरीज फार तर २७४ आणि कमींत कमी १८४ येईल; आणि कितीहि चिठ्ठ्या काढल्या तरी ४९ पेक्षां मोठा आंकडा निघणार नाहीं, कारण तो पेटींतच नाहीं. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस झाला तर हवामान खातें त्यास मुसळधार पावसांत गणतें. ह्या रीतीनें आपल्या वहींत मुसळधार पावसाचा एकहि दिवस उमटणार नाहीं.

चौथी रीत, शेजाऱ्याचा आधार घेणें. ज्या आठ दिवशीं दोन्ही मापें आहेत त्या दिवशीं 'ब' ची बेरीज २२० व 'अ' ची १७६. म्हणजे 'अ' हा 'ब' च्या ०.८ पट. त्या मानानें पांचव्या दिवशीं ११० चे ८८ आणि नवव्या दिवशीं ९० चे ७२ मिलिमीटर येतात. बेरीज ३३६. दुसऱ्या रीतीचे २२० आणि हे ३३६ ह्यांतील अंतर लक्षांत घ्यावें. एका दिवसाचा मोठ्यांत मोठा पाऊस ४९ नसून ८८ च्या आसपास होता, हें येथेंच प्रथम कळतें. आणि मोरीचा प्रश्न तर ह्याच आंकड्याचा होता.

मात्र शेजाऱ्याचा आंकडा जसाच्या तसा उचलूं नये. दापोली हर्ण्यापासून सुमारें १५ किलोमीटरांवर. पण दापोली समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० फूट उंच व हर्णे अगदीं समुद्रकांठीं. रत्नागिरी जिल्ह्यांत किनाऱ्याकडून सह्याद्रीकडे जावें तसा पाऊस वाढत जातो. म्हणून दोन्ही ठिकाणचें प्रमाण अनेक दिवसांच्या, शक्य तर अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढावें. शिवाय आपल्या उदाहरणांत हें प्रमाण ६० मिलिमीटरपर्यंतच्या दिवसांवरून निघालें आहे. तेंच ११० च्या दिवसासहि लागू पडेल असें आपण मानलें आहे, सिद्ध केलेलें नाहीं.

पांचवी रीत: शेजारी आणि चिठ्ठी एकत्र

चौथ्या रीतींत एक दोष उरतो. ८८ हा आंकडा लिहिला कीं तो मोजल्यासारखाच दिसूं लागतो. वस्तुतः मोजलेल्या आठ दिवशींसुद्धां 'अ' हा 'ब' च्या ०.८ पटीस नेमका मिळत नाहीं. पहिल्या दिवशीं हिशेबानें ९.६ यावयाचे, प्रत्यक्ष १० आहेत. तिसऱ्या दिवशीं ३६ यावयाचे, ३८ आहेत. सातव्या दिवशीं १६ यावयाचे, १५ आहेत. हा कमीअधिकपणा शेंकड्यांत मांडला तर आठ दिवसांत तो उणे ६.२५ पासून अधिक ५.६ पर्यंत जातो. आतां ह्या आठ शेंकडेवाऱ्यांच्या चिठ्ठ्या कराव्या व प्रत्येक रिकाम्या दिवसासाठीं एक चिठ्ठी काढून तितका फरक ८८ मध्यें व ७२ मध्यें करावा. एकदां करून थांबूं नये. असें पांच वेळां करून पांच निरनिराळे तक्ते तयार करावे. आम्हीं केलें तेव्हां दहा दिवसांच्या बेरजा ३४१, ३३२, ३२६, ३४४ व ३३८ अशा आल्या. त्यांची सरासरी ३३६. आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठी ह्यांतील अंतर १८.

ह्या १८ मध्यें सर्व सार आहे. 'दहा दिवसांचा पाऊस ३३६' असें म्हणणें आणि 'सुमारें ३३६, परंतु रिकाम्या दोन दिवसांमुळें दहा मिलिमीटर इकडेतिकडे' असें म्हणणें, ह्यांत दुसरें अधिक खरें आहे. ह्यास बहुवार भरणी म्हणतां येईल. ही कल्पना रुबिन ह्यांनीं पुढें आणली व १९८७ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला. ह्या रीतींत यादृच्छिक आंकडा आपलें अज्ञान झांकण्यासाठीं येत नाहीं. तें किती रुंद आहे हें मोजण्यासाठीं येतो.

चिठ्ठी कोठें चालते?

आपल्या शेतकऱ्यांस चिठ्ठीचा आंकडा नवा नाहीं. पीक कापणी प्रयोगांत कोणत्या शेतांत व त्या शेताच्या कोणत्या तुकड्यांत कापणी करावयाची हें यादृच्छिक आंकड्यांवरून ठरतें, म्हणजे चांगलें किंवा वाईट शेत मुद्दाम निवडल्याचा संशय राहत नाहीं. ही पद्धत आपल्या देशांत रुजविण्याच्या कामीं सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे ह्यांचे श्रम मोठे आहेत. शेती-संशोधकांसाठीं ह्या दोघांनीं लिहिलेला संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु तेथें चिठ्ठी 'कोठें मोजावें' हें ठरविते. 'किती भरलें' हें कापलेलें भातच सांगतें. हा भेद विसरून चिठ्ठीसच मापाच्या जागीं बसविलें कीं घोटाळा होतो.

प्रयोगाच्या वाफ्यांतहि कधीं एखादा वाफा गुरें खाऊन जातात. त्याचें उत्पन्न इतर वाफ्यांवरून अदमासण्याची रीत ॲलन व विशार्ट ह्यांनीं १९३० सालीं दिली व इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील येट्स ह्यांनीं १९३३ सालीं ती वाढविली. त्यांनीं सोबत एक बंधन घातलें: अदमासाचा वाफा हिशेब सोपा व्हावा म्हणून असतो, पुरावा मोजतांना तो जमेस धरावयाचा नसतो. नऊ वाफे कापले आणि एक अदमासला तर पुरावा नऊ वाफ्यांचाच. पावसाच्या वहीसहि हाच न्याय लावावा.

संगणकावर करतांना

स्नेह्यांच्या जुलैची बेरीज कां बदलली ह्याचें कारण साधें आहे. एक्सेलमधील 'रँड' ही आज्ञा तक्त्यांतील हिशेब नव्यानें होतांच प्रत्येक वेळीं नवा आंकडा देते. रकान्यांत आंकडा नव्हताच. चिठ्ठी काढण्याचा हुकूम होता, आणि तो तक्ता उघडतांच पुन्हां बजावला गेला. म्हणून अशी भरणी केल्यावर त्या जागीं आज्ञा न ठेवतां तिचें निघालेलें मूल्य कायम करून ठेवावें.

'आर' सारख्या संख्याशास्त्रीय आज्ञावलींत चिठ्ठ्यांची मालिका एका आरंभाच्या आंकड्यापासून निघते. त्यास 'सीड' म्हणजे बीज म्हणतात. बीज तेंच ठेवलें तर, रीत व माहिती न बदलतां, पुन्हां तेच आंकडे उगवतात, आणि दुसऱ्या कोणासहि आपला हिशेब पडताळतां येतो. तें वहींत अवश्य लिहावें. 'आर' मधील बहुवार भरणीची 'माइस' ही आज्ञावली निराळें न सांगितल्यास पांच तक्ते करते. परंतु आंकड्यांच्या बाबतींत ती सहसा मोजलेल्या नोंदींतूनच जवळचा आंकडा उसना घेते. म्हणून तिसऱ्या रीतीचा दोष येथेंहि संभवतो: जेवढा मोठा पाऊस कधीं मोजलाच नाहीं तेवढा ती दाखविणार नाहीं.

विम्याच्या बाबतींत

पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेंत आंबा व काजू ह्यांची भरपाई मुख्यतः महसूल मंडळासाठीं ठरविलेल्या संदर्भ हवामान केंद्राच्या पाऊस, तापमान इत्यादि नोंदींवरून ठरते. अशा व्यवस्थेंत एका रकान्याचें मोल एका हंगामाएवढें असूं शकतें. आपली घरची वही त्या केंद्राच्या जागीं चालत नाहीं. परंतु ती नीट ठेवलेली असेल तर तिच्या आधारें एक योग्य प्रश्न विचारतां येतो: अमुक दिवसांचा आंकडा मोजलेला आहे कीं भरलेला, आणि भरलेला असल्यास कोणत्या रीतीनें? हा प्रश्न विचारणाऱ्याची स्वतःची वही मनच्या आंकड्यांनीं भरलेली निघाली तर त्याचें तोंड तेथेंच बंद होतें. म्हणून मागणीच्या कागदांत भरलेला आंकडा मोजलेला म्हणून कधींहि देऊं नये.

वही ठेवणाऱ्यांनीं पाळावयाचे नियम

१. मूळ वहींत कांहीं खोडूं नये व कांहीं भरूं नये. भरणी करावयाची ती निराळ्या नकलेंत.

२. पाऊस नाहीं तेथें '०', मोजला नाहीं तेथें रेघ. आणि रेघेपाशीं त्याच दिवशीं कारण लिहावें. सहा महिन्यांनीं कारण आठवत नाहीं.

३. चुकलेल्या दिवसाचें पाणी भांड्यांत असेल तर दोन दिवसांचें माप एकत्र लिहावें.

४. जवळच्या एका तरी केंद्राचे रोजचे आंकडे शेजारच्या रकान्यांत उतरून ठेवावे. पुढें आधार लागला तर तोच मिळतो.

५. भरलेला प्रत्येक आंकडा तांबड्या शाईनें लिहावा, संगणकावर असल्यास त्यापुढें खूण करावी. रीत, तारीख व बीज नमूद करावें.

६. उत्तर एका आंकड्यांत न देतां 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असें द्यावें. आणि मोरी, चर किंवा सांडवा ठरवितांना त्यांतील मोठ्या बाजूचा विचार करावा.

आमच्या स्नेह्यांनीं संगणकावरील ते आंकडे पुसून टाकले आहेत. जुलैच्या त्या दोन दिवशीं आतां रेघ आहे. रेघेपुढें 'वाट पाण्याखालीं, बांध फुटला' असे शब्द आहेत. आणि पलीकडच्या रकान्यांत शेजारच्या केंद्राचा आंकडा उतरून घेतला आहे. मोरीचें माप ते त्यावरून पुन्हां काढीत आहेत.